बांधकाम साईटवर सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? गोव्यातल्या उमेदवारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सेफ्टी ऑफिसरच्या मुलाखतीला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या फाईलमध्ये चार-पाच प्रमाणपत्रं असतात, पण तीन मीटर खोल खड्ड्याच्या काठापासून माती किती लांब टाकायची, हे विचारलं की उत्तर येत नाही. साईटवर या पदाचा मान हातातल्या टेपमुळे टिकतो. ‘इथे धोका आहे’ असं म्हणणाऱ्याला ठेकेदार वाटेला लावतो. ‘काठ आणि ढिगारा यांत ६० सेंटिमीटर आहेत, दीड मीटर हवेत’ असं सांगणाऱ्याशी त्याला बोलावं लागतं. म्हणून पुढे अभ्यासक्रमांइतकीच, किंबहुना जास्तच, जागा मोजमापांना दिली आहे.

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणच्या चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. गोव्यात या कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने ती तारीख लक्षात ठेवावी. मेलेले बहुतेक जण रोजंदारीवर आलेले कामगार होते, आणि आजही साईटवरच्या चुकीची किंमत पहिल्यांदा तेच मोजतात.

कायदा काय मागतो

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथेच सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने बांधकामासाठी हा आकडा २५० वर आणला. त्यामुळे पदं वाढणार आहेत, पण गोव्याचं चित्र समजून घ्या. पर्वरी, म्हापसा, मडगाव भागातल्या बहुतेक इमारतींवर आणि किनारपट्टीच्या व्हिलांवर एका वेळी ३० ते ८० माणसं असतात. तिथे पूर्णवेळ अधिकारी सक्तीचा नाही. असला तर बिल्डरने स्वतःहून ठेवलेला, नाहीतर आठवड्यातून एकदा येणारा सल्लागार. पहिली नोकरी शोधायची तर राष्ट्रीय महामार्ग ६६ ची कामं, पूल, रेल्वे, बंदर, मोठी हॉटेलं, वेर्णा-कुंडईसारख्या वसाहतींतले कारखाने उभारणारे ठेकेदार इथून सुरुवात करा.

पात्रता नियमांत असते. १९९८ च्या केंद्रीय नियमांनी तीन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. पहिली, अभियांत्रिकी, तंत्रज्ञान किंवा वास्तुशास्त्राची पदवी आणि बांधकामावर देखरेखीचा दोन वर्षांचा अनुभव. पदविका असेल तर अनुभव पाच वर्षांचा. दुसरी, औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका, आणि तिच्यात बांधकाम सुरक्षेचा किमान एक पेपर. तिसरी अट अनेक जण वाचतच नाहीत: साईटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी आली पाहिजे.

संहितेखालचे नवे नियम येण्याचा हा काळ आहे. फी भरण्याआधी पाटो-पणजीच्या श्रमशक्ती भवनातलं कामगार आयुक्तालय किंवा आल्तिनोवरचं कारखाने व बाष्पके निरीक्षणालय इथे जाऊन त्या दिवशी लागू असलेली पात्रता विचारून घ्या. निरीक्षणालयाची सुरक्षा, व्यावसायिक आरोग्य आणि पर्यावरण प्रशिक्षणाची स्वतःची संस्था आहे. तिच्या छोट्या प्रशिक्षणांची चौकशी त्याच फेरीत होते.

शिक्षणाचा क्रम, आणि पैसे कुठे वाया जातात

दहावी-बारावीनंतर सरळ ‘फायर अँड सेफ्टी’च्या सहा महिन्यांच्या कोर्सला जाणं ही सर्वांत मोठी चूक. त्या कागदावर फार तर सेफ्टी स्टुअर्ड किंवा फायर वॉचरचं काम मिळतं, आणि काही वर्षांनी मोठ्या कंपनीत अर्ज करताना ‘अभियांत्रिकीची पदविका आहे का’ या पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते. आधी स्थापत्य किंवा यांत्रिकी पदविका घ्या. पणजी, डिचोली आणि कुडचडे इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. पदवीसाठी फर्मागुढीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बांधकामासाठी स्थापत्यच बरं. सेंट्रिंगचा, म्हणजे ओलं काँक्रीट धरणाऱ्या साच्याचा नि टेकूंचा, नकाशा वाचता येणाऱ्या अधिकाऱ्याशी सेंट्रिंगचा फोरमन वेगळ्या स्वरात बोलतो.

मग साईटवर सुपरवायझर म्हणून वर्षं काढायची. ही वाट बघण्याची वर्षं समजू नका. खोदाई, सेंट्रिंग, सळई, काँक्रीट, चिऱ्याचं काम, प्लॅस्टर अशी सगळी कामं या काळात एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. अनुभवाच्या दाखल्यात ‘देखरेख’ हे काम स्पष्ट लिहून घ्या, तारखांसह. नुसतं ‘साईटवर काम केलं’ असं लिहिलेला दाखला नंतर उपयोगी पडत नाही, आणि कंपनी बंद झाली की नवा मिळत नाही.

त्यानंतर औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, म्हणजे सगळे ‘एडीआयएस’ म्हणतात ती. मुंबईत शीव इथल्या केंद्रीय श्रम संस्थेची एक वर्षाची पदविका देशभर मानली जाते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेनेही काही संस्था ही पदविका चालवतात. गोव्यातून जाणाऱ्याला वर्षभराच्या राहण्या-खाण्याचा खर्च धरूनच बेत करावा लागतो. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तिला तीन गोष्टी लेखी विचारा: मान्यता कोणत्या शासकीय मंडळाची किंवा विद्यापीठाची, बांधकाम सुरक्षेचा स्वतंत्र पेपर आहे का, आणि अंतिम प्रमाणपत्रावर कोणाची सही असेल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर तिथून उठा.

आखातात जायचं असेल तर नेबॉश या ब्रिटिश परीक्षा-संस्थेचं आंतरराष्ट्रीय जनरल प्रमाणपत्र कामी येतं. गोव्यातून जाणाऱ्यांकडे तिकडच्या कंपन्या तेच मागतात. त्यात एक पुस्तक उघडून द्यायची परीक्षा आणि एक प्रत्यक्ष कामाच्या जागेचं धोका-मूल्यमापन असतं. अमेरिकी पद्धतीचा ३० तासांचा ओशा कोर्स ज्ञानासाठी चांगला, पण भारतातल्या कायद्यात तो पदविकेची जागा घेत नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचं प्रथमोपचार प्रशिक्षण मात्र आधीच करून टाका. खर्च थोडा, आणि पहिल्याच महिन्यात गरज पडते.

खोदाई: जांभ्याने फसू नका

इथे सर्वाधिक वेळ द्या, कारण पुस्तकं गोव्याची जमीन शिकवत नाहीत. वरचा जांभा कडक असतो. जेसीबीने कापला की भिंत सरळ उभी राहते, आणि ठेकेदार म्हणतो, ‘चिरा आहे, पडत नाही.’ पण जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी, तांबूस, गुलाबी झाक असलेली मऊ चिकणमाती असते. कोरडी असताना ती नखाने खरवडता येते. पाणी लागलं की साबणासारखी सुटते. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी त्यातून झिरपून नेमकं या दोन थरांच्या सांध्यावर बाहेर येतं. खालची माती वाहून जाते, वरचा कडक थर अधांतरी राहतो आणि मग लादीसारखा एकसंध खाली येतो. माणसाला पळायला वेळ मिळत नाही. एक घनमीटर मातीचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास असतं; छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, डोकं उघडं असलं तरीही.

पाठ करायची मापं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा संहितेत आहेत. खोली १.२ मीटरपासून पुढे गेली की चराच्या दर ३० मीटर लांबीला किमान एक शिडी, आणि तिचं टोक जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर. १.५ मीटर किंवा जास्त खोलीला बाजूंना उतार किंवा पायऱ्या द्यायच्या, नाहीतर फळ्या-आधारांनी बाजू धरून ठेवायच्या. उकरलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त ते, इतकी लांब. म्हणजे चार मीटर खड्ड्याला दोन मीटर. खोदाई वरून खाली. खालून पोखरून वरची माती पाडणं कधीच नाही. भारतीय मानक ३७६४ यासाठी मुळातून वाचा.

रोज सकाळी माणसं उतरण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर काठावरून फेरी मारा. तीन खुणा शोधायच्या: काठाला समांतर गेलेली केसासारखी भेग, मधल्या सांध्यातून पाझरणारं पाणी, आणि तळाशी ताजी पडलेली ढेकळं. भेग दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा. संध्याकाळी तीन मिलिमीटर वाढलं असेल तर वाद संपला, माणसं बाहेर. अंतर वाढलं नाही तरी त्या काठाखाली कोणाला उभं करू नका; वर पत्रा किंवा ताडपत्री टाका म्हणजे भेगेत पाणी शिरणार नाही.

शेजारच्याची चिऱ्यांची कुंपणभिंत हा दुसरा सापळा. आपण तिच्या पायाजवळ खोदतो, पाऊस मागच्या मातीत पाणी भरतो, आणि भिंत रात्री पडते. कामगारांच्या झोपड्या अशा भिंतीच्या आडोशाला बांधण्याची सवय सर्वत्र आहे, कारण एक बाजू आयती मिळते. भिंत जेवढी उंच तेवढं तरी अंतर सोडूनच झोपडी उभी राहू द्या, आणि हे जूनआधी करा. पावसात कोणी झोपडी हलवत नाही.

खाजन जमिनीत आणि नदीकाठच्या सखल भागात प्रश्न उलटा. तिथे वरूनच मऊ गाळ, आणि खड्ड्यातलं पाणी भरती-ओहोटीबरोबर चढतं-उतरतं. क्रेनचे पाय फळीवर ठेवले तरी रुततात. भरतीचं वेळापत्रक पंप चालवणाऱ्याच्या खिशात असू द्या.

सेंट्रिंग: जॅक मोजायला शिका

काँक्रीट ओतताना स्लॅब खाली येण्याचे अपघात टाळण्यासाठी एक साधं गणित पुरतं. काँक्रीटचं वजन घनमीटरला २५०० किलो धरा. १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं चौरस मीटरला ३७५ किलो. माणसं, गाड्या, हादरे यांचे १५० आणि फळ्या-प्लेटांचे ५० मिळवले की ५७५ किलो. जॅक, म्हणजे स्लॅबखालचे लोखंडी टेकू, १.२ मीटरच्या चौकोनी अंतरावर असतील तर प्रत्येकावर १.४४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८३० किलो. आता मधला एक जॅक जाण्या-येण्याच्या वाटेसाठी काढला, तर त्याच ओळीतल्या दोन्ही शेजाऱ्यांवर दीडपट, सुमारे १२४० किलो येतात. जॅक जितका ताणून उंच केलेला तितकी त्याची क्षमता कमी. उत्पादकाच्या तक्त्यात पूर्ण ताणलेल्या उंचीचा आकडा बघायचा.

ओतण्याच्या आदल्या दिवशी फेरीत बघायचं ते असं. जॅकच्या पिनऐवजी सळईचा तुकडा खोचलेला आहे का. तळाची प्लेट थेट मातीवर टेकली आहे की फळीवर. जॅक ओळंब्यात आहे का. दोन दिशांना आडवे-तिरपे बांध आहेत का. पोर्चचा स्लॅब दुप्पट उंचीवर असतो आणि तिथे जॅकवर जॅक चढवण्याचा मोह होतो. तिथे हमखास काम थांबवा आणि डिझाईन केलेलं स्टेजिंग, म्हणजे आधाराचा सांगाडा, मागा. काँक्रीट पंपाने येत असेल तर एका जागी ढीग करू देऊ नका. अर्धा मीटर उंचीचा ढीग म्हणजे चौरस मीटरला सव्वा टन.

काढण्याची घाईही मारते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्यापेक्षा मोठ्याचे १४ दिवसांनी. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी, मोठ्याचे २१ दिवसांनी. आता बहुतेक साईटवर राखमिश्रित पीपीसी सिमेंट असतं आणि त्याची ताकद हळू चढते, म्हणून यापेक्षा जास्त दिवस लागतात. गोणीवर काय छापलंय ते स्वतः वाचा, आणि ओतल्याची तारीख प्रत्येक स्लॅबच्या कॉलमवर रंगाने लिहायची पद्धत पाडा.

उंचीवरचं काम

प्रत्येक मुलाखतीत ‘फुल बॉडी हार्नेस’ (दोराने अडकवायचा अंगभर पट्टा) म्हटलं जातं, पण तो कुठे निरुपयोगी आहे हे क्वचित कोणी सांगतं. हिशेब असा: १.८ मीटरचा दोर, धक्का शोषणाऱ्या पॅकची उलगडून वाढणारी लांबी १.७५ मीटरपर्यंत, पायापासून पाठीवरच्या कडीपर्यंत दीड मीटर, आणि सुरक्षिततेसाठी एक मीटर. एकूण सहा मीटर, हूक अडकवलेल्या बिंदूपासून खाली. पहिल्या स्लॅबच्या काठावर, पायाशी हूक लावून, तीन-साडेतीन मीटर खाली जमीन असताना काम करणारा माणूस दोर त्याला थांबवण्याआधीच जमिनीवर आदळतो. तिथे हार्नेस घातल्याचं समाधान खोटं आहे. काठाला कठडा हवा, किंवा दोर इतका आखूड हवा की माणूस काठापर्यंत पोचूच नये, किंवा खाली जाळी. हूक शक्य तितका डोक्याच्या वर. आणि पडून लोंबकळणाऱ्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. पायांत रक्त साकळून तो बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून उंचीच्या कामाच्या परवान्यावर ‘सोडवणार कोण, कशाने’ हे लिहिल्याशिवाय सही करू नका.

कठडा किमान ९० सेंटिमीटर, चांगल्या साईटवर १.१ मीटर, मध्ये एक दांडी, आणि तळाला पाटी, म्हणजे पायाने लाथाडलेली वीट खालच्याच्या डोक्यात पडत नाही. स्लॅबमधली नळांची भोकं, लिफ्टचे गाळे, डक्ट हे सगळं झाकलेलं किंवा अडवलेलं पाहिजे. झाकण म्हणून सुटी प्लायवूड ठेवणं उघड्या भोकापेक्षा वाईट: कोणीतरी ती उचलतो, समोर धरतो, आणि स्वतःच भोकात पाऊल टाकतो. झाकण खिळ्यांनी पक्कं करा, वर ठळक अक्षरांत लिहा.

परांचीचे खांब मातीवर उभे असतील तर तळाला प्लेट आणि प्लेटखाली फळी. इमारतीला बांध किती अंतरावर ते डिझाईनप्रमाणे, आणि प्लॅस्टर करणारे आड येतात म्हणून बांध सोडतात, त्यावर रोज डोळा ठेवा. ३८ मिलिमीटर जाडीच्या फळीचं टोक आधाराच्या बाहेर १५ सेंटिमीटरहून जास्त गेलं की त्यावर पाऊल पडताच दुसरं टोक उचलतं. तपासणी आठवड्यातून एकदा, शिवाय प्रत्येक वादळी पावसानंतर. तपासलेल्याला हिरवी चिठ्ठी, न तपासलेल्याला लाल. टेकवायच्या शिडीचं माप सोपं: चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर.

वीज आणि पाऊस

जून ते सप्टेंबर ओल्या साईटवर विजेचा धक्का वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा जवळ असतो. मुख्य बोर्डवर ‘ट्रिप’ (वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण) आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्यावरचा आकडा वाचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचं उपकरण आगीपासून संरक्षणासाठी असतं. माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचं लागतं. रोज सकाळी त्याचं टेस्ट बटण दाबायचं. दाबून वीज गेली नाही तर तो बोर्ड बंद. आणखी बघायचं: सॉकेटमध्ये काडी खोचून अडकवलेल्या उघड्या तारा, पाण्यातून गेलेले जोड, व्हायब्रेटरच्या केबलवरची टेप, सळई कापण्याच्या यंत्राला अर्थिंग. केबल खांबांवर किंवा लाकडी घोड्यांवर उचललेली. प्लॉटवरून विजेच्या तारा जात असतील तर सळईचा तुकडा किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी फिरवायला मनाई, आणि वीज खात्याला तारा हलवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात. काम वर चढल्यावर केलेला अर्ज उशिरा पोचतो.

संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) आणि सेप्टिक टँक

नवी पाण्याची टाकी निर्धोक दिसते. ओतून तीन आठवडे झाकलेली, आत थोडं पाणी, ओल्या फळ्या कुजत असतात आणि कुजताना हवेतला ऑक्सिजन खातात. सेंट्रिंग काढायला पहिला उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. वाचवायला गेलेले जास्त मरतात, हे या अपघाताचं ठरलेलं रूप आहे. गॅस मीटरने वर, मधे आणि तळाशी मोजा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत, ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. मेणबत्ती सोडून बघणं बंद करा. ती स्फोट घडवू शकते आणि विषारी वायू दाखवत नाही. पंख्याने हवा आत सोडत राहा, हार्नेसचा दोर बाहेर तिकाटण्याला, बाहेर एक माणूस सतत हजर. पेट्रोल-डिझेलचा पंप खड्ड्यात उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतो.

उचलण्याच्या यंत्रांबद्दल थोडक्यात: हायड्रा क्रेन, साखळ्या, बेल्ट यांची सक्षम व्यक्तीकडून झालेली वार्षिक तपासणी आणि तिचं प्रमाणपत्र बघा, बेल्टवरचं क्षमतेचं लेबल फाटलेलं असेल तर बेल्ट बाद. भार घेऊन चालणाऱ्या हायड्राच्या शेजारून हाताने भार धरत कोणी चालायचं नाही. दोन दोऱ्या बांधून लांबून.

पहिले नव्वद दिवस

पहिल्या आठवड्यात कोणालाही दंड करू नका. साईटचा नकाशा काढा: वाटा, बोर्ड, साठा, प्रथमोपचार पेटी, रुग्णवाहिका आत येण्याची जागा. दुपारच्या गर्दीत बांबोळीच्या गोमेकॉला किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो, हे स्वतः गाडीने जाऊन बघा. १०८, १०१ आणि ११२ हे क्रमांक फाटकावर, हिंदी आणि कन्नडमध्येही. त्याच आठवड्यात प्रकल्प व्यवस्थापकाकडून लेखी घ्या की जिवाला धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. हे पत्र नसेल तर पुढचं सगळं तोंडी राहतं.

सकाळचं टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं, दहा मिनिटांचं, एकाच विषयावर, त्या दिवशीच्या कामाचं. साईटवर कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार, बंगालची माणसं असतात. मराठी-कोकणीत बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हिंदी पक्की करा, कन्नडमधले कामाचे शब्द शिका आणि प्रत्येक गटातल्या मुकादमाकडून त्यांच्या भाषेत परत सांगून घ्या. ‘समजलं?’ विचारल्यावर सगळेच मान हलवतात. ‘हूक कुठे लावशील, दाखव’ म्हटल्यावर खरं कळतं.

हेल्मेटवर भारतीय मानक २९२५ आणि बुटांवर १५२९८ चा शिक्का बघून घ्या. रस्त्यावरची पिवळी टोपी आणि हेल्मेट रंगाने सारखेच दिसतात. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच. पडणाऱ्याचं हेल्मेट आधी निसटतं.

नोंदींवरून अपघात दर काढता आला पाहिजे. भारतीय मानक ३७८६ ची पद्धत. १२० कामगार, ८ तास, २६ दिवस, १२ महिने म्हणजे २,९९,५२० मनुष्यतास. माणसाला कामावर येता आलं नाही असे अपघात २ असतील तर दोन गुणिले दहा लाख भागिले मनुष्यतास, वारंवारता ६.६८. वाया गेलेले दिवस ४५ असतील तर तीव्रता १५०. एका मृत्यूला ६००० दिवस धरतात; तोच आकडा घातला की तीव्रता वीस हजारांवर जाते. उपठेकेदाराच्या माणसांचे तास आणि ओव्हरटाईम धरायला विसरू नका, आणि अपघात लपवून दर सुंदर करण्याच्या दबावाला बळी पडू नका. ज्या साईटवर ‘थोडक्यात वाचलो’ अशा नोंदी शून्य असतात, तिथे लोक बोलायला घाबरतात एवढंच सिद्ध होतं.

अपघात झालाच, तर क्रम पक्का ठेवा: वीज किंवा यंत्र बंद, जखमीला मदत, १०८, बाकीच्यांना बाहेर, जागा दोरीने बंद. जखमीला हलवण्यापलीकडे काहीही उचलू नका, परांचीची तुटलेली फळीसुद्धा नाही. फोटो घ्या, मापं घ्या, त्याच तासात साक्षीदारांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घ्या; दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्यांची गोष्ट एकसारखी झालेली असते. १९९८ च्या नियमांप्रमाणे मृत्यूची सूचना चार तासांत, ४८ तास वा जास्त काम बंद करणाऱ्या इजेची ७२ तासांत द्यायची असते. अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे कारण लिहून थांबू नका. फळी कोणी दिली, कठडा कोणी काढला, त्या दिवशी परवान्यावर कोणाची सही होती, इथपर्यंत जा. जखमीचं बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नाव नोंदलेलं आहे का तेही लगेच बघा. नाव नसेल तर साईटवरच्या बाकी सगळ्यांची नोंदणी त्याच आठवड्यात सुरू करा. कागदपत्रांची यादी श्रमशक्ती भवनात मिळते.